वाढत्या अंगाचा ग्लोव्ह घेतला आणि फसले! फॉइलसाठी ग्लोव्ह कसा निवडायचा?

डावखुरीची_आई | १० जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. तलवारबाजीवर इथे आधीचा धागा सापडला नाही, म्हणून नवीन काढतेय. असेल तर सांगा, हा उडवते.

मुलगी तेरा वर्षांची. दोन वर्षं झाली नाशिकला फॉइल (तलवारबाजीच्या तीन प्रकारांतला एक) खेळतेय. डावखुरी आहे. गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या ठिकाणी सामानाचा स्टॉल लागला होता, तिथून तिचा ग्लोव्ह घेतला. डाव्या हाताचे दोनच शिल्लक होते आणि दोन्ही मोठे. दुकानदार म्हणाला, "वाढतं वय आहे ताई, पुढच्या वर्षी बरोब्बर बसेल." गणवेश, रेनकोट, शाळेचे बूट, सगळं आपण वाढत्या अंगाचंच घेत आलोय. मलाही पटलं.

वर्ष झालं. उंची वाढली, पाय वाढले (बुटांचे दोन जोड झाले), हात मात्र आहे तेवढाच. सरावात फार तक्रार नसते, पण मॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या टचनंतर (म्हणजे गुणानंतर) तलवार हातात फिरते म्हणते. करंगळीच्या खाली तळहाताला घट्टा पडलाय. अंगठ्याच्या पेरावर फोड येऊन गेला. मागच्या महिन्यात तर समोरच्या मुलीनं पात्यावर पात्यानं जोरात फटका (बीट) मारला आणि हिची तलवार निसटून पिस्टवर (खेळायच्या पट्टीवर) पडली. टच गेला त्याचं काही नाही, सगळ्यांनी बघितलं याचं तिला जास्त लागलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही.

आता शालेय स्पर्धा तोंडावर आल्यात. नवा ग्लोव्ह घ्यायचाय. चामड्याचा की सिंथेटिक? तळव्यावर रबराचे ठिपके असतात ते खरंच कामाचे का? साईझ कशी मोजायची? सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे चाळीस मुलं आहेत आणि उत्तर एकच, "घट्ट बसला पाहिजे."

भरीत_भाकरी | १० जुलै, रात्री १०:१२

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. ग्लोव्ह एकाच हातात का? दुसऱ्या हाताला लागत नाही?

डावखुरीची_आई | १० जुलै, रात्री १०:२०

दुसरा हात मागे ठेवायचा असतो. त्या हातानं वार अडवला किंवा अंग झाकलं तर रेफरी कार्ड दाखवतो. त्यामुळे ग्लोव्ह एकच मिळतो, उजवा किंवा डावा. आणि डावा मिळता मिळत नाही, ही खरी रड.

जुना_फॉइलवाला | १० जुलै, रात्री ११:०५

ताई, तलवार पडली म्हणून लगेच ग्लोव्हला फाशी देऊ नका. मी संभाजीनगरला खेळलो, आता तिथंच संध्याकाळी मुलांना शिकवतो. तलवार फिरते ही तक्रार घेऊन आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा ग्लोव्ह ठीक असतो. आधी एवढं बघून सांगा:

ग्रिप कुठली, सरळ दांडीची फ्रेंच की बोटांसाठी खाचा असलेली पिस्टल? पिस्टल असेल तर कुठल्या मापाची? काही ग्रिपांवर बारीक अक्षर कोरलेलं असतं. ग्रिप धरून पातं हलवलं तर कुठे खडखड होते का? आणि ग्रिपवरचा रंग किंवा रबर शाबूत आहे का?

डावखुरीची_आई | ११ जुलै, सकाळी ७:१५

आत्ता किट काढून बघितलं. पिस्टल आहे. माप 'एम'. तलवार क्लबमधल्या एका मोठ्या मुलाकडून जुनी घेतली होती, तो बारावीत होता. रंग जवळजवळ सगळा उडालाय, आतलं ॲल्युमिनियम चकचकतंय. आणि हो, किंचित हलते. मला वाटलं तेवढं असतंच.

जुना_फॉइलवाला | ११ जुलै, दुपारी १:३०

सापडला चोर. निदान एक तरी.

नट आजच आवळून घ्या. क्लबमध्ये कोणाकडेही ॲलन की असेल. हलणाऱ्या ग्रिपमुळे पोर नकळत तलवार आवळून धरते, आणि आवळून धरणं हेच सगळ्या दुखण्याचं मूळ.

आता जरा सविस्तर. फॉइल नियमानं अर्ध्या किलोच्या आत असावी लागते, प्रत्यक्षात त्याहून हलकीच असते. म्हणजे अर्धा लिटर दुधाच्या पिशवीपेक्षाही हलकी. ती पिशवी आपण मूठ आवळून धरतो का? मी मुलांना हेच सांगतो. तलवार चालवायची अंगठ्यानं आणि तर्जनीनं. उरलेली तीन बोटं पाठीराखी. वार अडवताना किंवा बीट मारताना ती क्षणभर मिटायची आणि लगेच सैल सोडायची. ज्याची तिन्ही बोटं पूर्ण वेळ आवळलेली, त्याचा हात पाच टचच्या मॅचमध्ये कसाबसा टिकतो. पुढे पंधरा टचच्या मॅचमध्ये कोपरापर्यंत भरून येतो आणि मग बोटं आपोआप सुटतात. बघणाऱ्याला वाटतं ग्रिप नाही. असते, पण सुरुवातीलाच सगळी खर्च झालेली असते.

बारावीतल्या मुलाच्या हाताची ग्रिप तेरा वर्षांच्या मुलीला दिली की तर्जनी पुढे गार्डमागच्या (पंजापुढच्या वाटीमागच्या) गादीपर्यंत नीट पोचत नाही आणि करंगळी खाचेत बसत नाही. मग ती तळहातानं दाबून धरते. करंगळीखालचा घट्टा तिथूनच आलाय, पैज लावतो. छोट्या मापाची ग्रिप बसवा. ग्लोव्हपेक्षा फार महाग नसते आणि पातं-गार्ड तेच राहतं.

आणि ग्लोव्हही मोठा आहे, ते वेगळंच. मोठ्या ग्लोव्हमध्ये हात आत फिरतो. कापडाला ग्रिप चिकटलेली असते, पण हाताला कापड चिकटलेलं नसतं. वर कितीही रबराचे ठिपके लावा, आत घसरगुंडीच.

डावखुरीची_आई | ११ जुलै, दुपारी २:०२

दुधाची पिशवी आवडली. संध्याकाळी तिला वाचून दाखवते. घट्टा अगदी तिथंच आहे तुम्ही म्हणता तिथं.

इपीवाला_श्टुटगार्ट | ११ जुलै, संध्याकाळी ६:४०

जर्मनीत असतो. एक्केचाळिसाव्या वर्षी इपी (तलवारबाजीचा दुसरा प्रकार) सुरू केली, पोराला सोडायला जायचो आणि बसून कंटाळायचो म्हणून. आता पोरानं सोडलं, मी चालूच.

मोजायचं असं: शिवणकामाची टेप घ्या. ज्या हातात तलवार, तो पंजा सरळ ठेवून बोटांच्या मुळाशी, गाठींवरून, अंगठा सोडून घेर मोजा. इंचात जेवढा घेर तेवढी साईझ. ७ इंच, म्हणजे १८ सेंमीच्या आसपास, साईझ ७. साईझ ८ म्हणजे २० सेंमीच्या जरा वर. मधलं माप आलं तर ग्लोव्ह कशाचा आहे ते बघून ठरवा: चामडं थोडं सैल पडतं, म्हणून लहानाकडे झुका. सिंथेटिक जसंच्या तसं राहतं.

पण घेर जुळला म्हणजे झालं असं नाही. माझी बोटं आखूड आणि पंजा रुंद, आमच्या घराण्याची देणगी. घेरानं बरोबर असलेल्या ग्लोव्हमध्ये प्रत्येक बोटाच्या टोकाला अर्धा सेंमी रिकामा राहायचा. इपीत ते रिकामं टोक गार्डखाली दुमडतं आणि अंगठा नेमका कुठे आहे तेच कळत नाही. आता विकत घेण्याआधी एक परीक्षा घेतो. ग्लोव्ह घालून टेबलावरचं नाणं उचलायचं. चिमटीत आलं तर घ्यायचा, दोनदा घसरलं तर परत ठेवायचा. दुकानातल्या बाईंनी पहिल्यांदा विचित्र नजरेनं बघितलं होतं, आता माझ्यासाठी वीस सेंटचं नाणं काढून ठेवतात.

मूठ_सैल | ११ जुलै, रात्री ८:१५

नाणं! भारीच. आमच्याकडे कोच मूठ मिटायला लावायचे आणि तळव्यावर वळी पडते का ते बघायचे. कापडाची वळी पडली म्हणजे ती ग्रिप आणि हात यांच्या मध्ये येणार, आणि फोड तिथंच येणार.

मी सेबर (तलवारबाजीचा तिसरा प्रकार) खेळते. ताई, तुमच्या मुलीला सध्या गरज नाही, पण कोणी सेबरसाठी हा धागा वाचत असेल तर: फॉइलचा ग्लोव्ह सेबरला चालत नाही. सेबरमध्ये कमरेच्या वरचं सगळं लक्ष्य, मनगटापर्यंतचा हात आणि डोकंसुद्धा, फक्त पंजा नाही. म्हणून ग्लोव्हच्या कफवर धातूचे धागे असलेलं कापड असतं, तिथं टच लागला की दिवा लागायला हवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना सेबरचा ग्लोव्ह ८०० न्यूटनचा लागतो (भोक न पडता किती जोर सोसतो त्याचं माप). तो जाड, कडक, सुरुवातीला पुठ्ठ्यासारखा. मी नवा ग्लोव्ह पंधरा दिवस घरात घालून वावरले होते. फोन उचलणं, चहा गाळणं, सगळं त्याच हातानं. आईला वाटलं पोरगी कामातून गेली.

भवानी देवीची मॅच लागली की मी स्कोअर सोडून तिचा पंजा बघते. टोकियोत पहिली मॅच १५-३ जिंकली, ऑलिंपिकमध्ये खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज. वार करताना मूठ मिटते आणि पुढच्या क्षणी सुटते. सगळा खेळ त्या सुटण्यात आहे.

जुना_फॉइलवाला | ११ जुलै, रात्री ९:००

आणि केरळात थलश्शेरीला साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात तिला घडवलं ते सागर लागू सरांनी. मराठी माणूस आहे म्हणून छाती फुगवून सांगतोय, दुसरं काही कारण नाही.

क्रिकेटचा_बाप | १२ जुलै, सकाळी १०:२५

एक स्वस्त उपाय सुचवतो. मोठा ग्लोव्ह आहेच, तर आत बॅटिंगचे सुती इनर घाला. घामही शोषला जाईल आणि ग्लोव्ह भरल्यासारखा बसेल. शे-दीडशेत काम. माझा मुलगा क्रिकेट खेळतो, तिथं सगळे हेच करतात.

मूठ_सैल | १२ जुलै, सकाळी १०:४०

नको! बॅट दोन्ही हातांनी धरतात आणि जाड दांडा असतो. इथं अंगठा-तर्जनीच्या पेरांनी काम करायचंय. दोन थर झाले की ते एकमेकांवर सरकतात.

क्रिकेटचा_बाप | १२ जुलै, सकाळी ११:०५

वापरून बघायला काय हरकत आहे? लगेच नवीन घ्या, नवीन घ्या. प्रत्येकाच्या खिशाला परवडतं असं नाही.

इपीवाला_श्टुटगार्ट | १२ जुलै, दुपारी ३:१०

क्रिकेटचे बाबा, खिशाचा मुद्दा बरोबर आहे. पण मी हा प्रयोग केलाय, पातळ रेशमी इनर घालून. घाम शोषला गेला खरा. पण पातं समोरच्याच्या पात्याला लागलं की त्याची जी बारीक थरथर बोटांना जाणवते, ती नाहीशी झाली. डोळे मिटून खेळल्यासारखं वाटलं. सरावाला एखाद्या दिवशी ठीक, मॅचला नाही.

जुना_फॉइलवाला | १२ जुलै, रात्री ८:५०

आमचे जुने सर म्हणायचे, पातं बोलत असतं, बोटांना ऐकू आलं पाहिजे. म्हणून फॉइलचा ग्लोव्ह तळव्याला पातळच हवा. गादी हवी ती हाताच्या पाठीला. फॉइलमध्ये लक्ष्य फक्त धड असलं तरी चुकलेले वार पंजावर येतातच. इपीवाल्यांचं वेगळं, त्यांच्यात पंजा हेच सगळ्यात जवळचं लक्ष्य. त्यांना गाठींवर जाड गादी लागते.

क्रिकेटच्या बाबांना एक मान्य करतो. खर्च वाचवायचाच असेल तर सरावाला साधा देशी ग्लोव्ह वापरा, चांगला मॅचसाठी ठेवा. दोन ग्लोव्ह आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात, कारण प्रत्येकाला वाळायला वेळ मिळतो.

डॉ_करंगळी | १२ जुलै, रात्री ११:३०

दोन मुद्दे, व्यवसायामुळे गप्प बसवत नाही.

एक. मूळ पोस्टमध्ये लिहिलंय की सरावात कमी, मॅचमध्ये जास्त घसरतं. तळहाताचा घाम नुसत्या उकाड्यानं येत नाही, मनावरच्या ताणानं येतो. परीक्षेत पेपर ओला होतो तोच प्रकार. त्यामुळे ग्लोव्हची परीक्षा कोरड्या हातानं दुकानात करून भागत नाही. घरी हात ओला करून, पुसून, किंचित दमट असताना घालून बघा. मॅचच्या दिवशी छोटा टॉवेल जवळ ठेवावा आणि दोन मॅचच्या मध्ये ग्लोव्ह काढून हात कोरडा करावा. बरीच मुलं सकाळी नऊला घातलेला ग्लोव्ह दुपारी दोनलाच काढतात.

दोन. करंगळीखालचा घट्टा हा दिसायला किरकोळ, पण तिथून करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस जाते. मुलीला त्या दोन बोटांना मुंग्या येतात का, विचारा. येत असतील तर ग्रिप बदलेपर्यंत सराव कमी करा आणि एकदा दाखवून घ्या. घाबरवत नाहीये. बहुतेक वेळा दाब गेला की मुंग्याही जातात.

डावखुरीची_आई | १३ जुलै, सकाळी ८:००

विचारलं. "कधी कधी येतात, पण सगळ्यांनाच येतात ना?" म्हणाली. डॉक्टर, मनापासून आभार. हे मला कधीच कळलं नसतं. ग्रिपचं आजच बघते.

रांगडा_चांभारवाडा | १३ जुलै, दुपारी १२:४५

आमच्याकडं कोल्हापुरात तीन पिढ्या चामड्याचंच काम. तलवारबाजीतलं आपल्याला काय कळत न्हाई, पण चामड्याबद्दल कुणी चुकीचं सांगाय लागलं की हात शिवशिवतो.

ग्लोव्ह चामड्याचा असंल तर बहुतेक करून बकऱ्याचं न्हाईतर मेंढीचं चामडं. मेंढीचं मऊ, पण लवकर ताणतंय. बकऱ्याचं चिवट. घामात मीठ असतंय. ते आत बसलं की चामडं वाळल्यावर पापडागत कडक होतंय. त्यामुळं खेळून झालं की बॅगेत कोंबायचा न्हाई, सावलीत टांगायचा, बोटं खाली करून. उन्हात टाकला की गेला. हेअर ड्रायर तर नावच काढू नका. आत्ता पावसाळ्यात बॅगेत चार दिस ऱ्हायला तर बुरशी आलीच म्हणून समजा. आली तर कोरड्या फडक्यानं पुसायची, मग वाऱ्यावर ठेवायचा.

आणि एक. चपलेला लावतात तसं तेल तळव्याला लावू नका. मऊ हुईल, पण मग तलवार साबणागत निसटंल. पाठीला किंचित लावलं तर चालतंय.

अंगठ्याचं टोक फाटलं तर फेकू नका. मेणाच्या दोऱ्यानं आमच्यासारखा कोणीबी शिवून देईल. फकस्त शिवण भायेरनं घ्यायला सांगा, आतनं घेतली तर टोचंल.

मूठ_सैल | १३ जुलै, दुपारी १:०५

दादा, तुमचा पत्ता पायजे. माझे तीन ग्लोव्ह अंगठ्याशी गेलेत.

रांगडा_चांभारवाडा | १३ जुलै, दुपारी १:१०

पत्ता कशाला, रंकाळ्यावर या, कुणीबी सांगंल.

जुना_फॉइलवाला | १३ जुलै, रात्री ९:२०

शिवून घ्या, पण वेळेत. स्पर्धेत भोक असलेला ग्लोव्ह चालत नाही. सामानाच्या तपासणीत अडवतात, आणि तिथून सुटलात तरी पिस्टवर रेफरीच्या लक्षात आलं तर पिवळं कार्ड. दुसऱ्यांदा लाल, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक टच. एका मुलाचा मॅचच्या सकाळी अंगठा फाटला होता. मी चिकटपट्टी लावून दिली, तपासणीवाल्यांनी ती सोलून काढली आणि माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतंय.

तसंच कफ. कफ मनगट ते कोपर यांच्या निम्म्यापर्यंत यायला हवा आणि जॅकेटच्या बाहीच्या वरून. बाहीत खोचायचा नाही. समोरचं पातं बाहीत शिरू नये म्हणून हा नियम आहे. त्यामुळे ऑनलाइन घेताना नुसता पंजा मोजू नका, कफची लांबी आणि मनगटाजवळची फट बघा. बॉडी वायर (टच लागला की दिवा लावणारी तार) बाहीतून येऊन त्या फटीतून बाहेर निघते आणि गार्डमागच्या सॉकेटला जाते. स्वस्तातल्या काही ग्लोव्हची फट चुकीच्या जागी असते, मग वायर ओढली जाते, पिन सैल होते आणि मॅचमध्ये दिवा लागत नाही.

डावखुरीच्या ग्लोव्हला तर हे दुप्पट लागू. उजवा ग्लोव्ह उलटा करून भागत नाही: गादी तळव्याकडे येते आणि फट हाताच्या पाठीवर.

डावखुरीची_आई | १३ जुलै, रात्री ९:४५

म्हणजे थोडक्यात चामडं की सिंथेटिक? :) एवढं सगळं वाचून मूळ प्रश्न तसाच.

इपीवाला_श्टुटगार्ट | १४ जुलै, दुपारी १२:२०

सिंथेटिक. धुता येतं. पोरांच्या ग्लोव्हचा वास हा काय प्रकार असतो हे मी गाडीत अनुभवलंय, हिवाळ्यात काचा उघडून चालवली होती. थंड पाणी, थोडी सौम्य पावडर, न पिळता सावलीत.

जुना_फॉइलवाला | १४ जुलै, दुपारी १:५०

मी चामडंवाला, पण तुमच्या बाबतीत इपीवाल्यांना अनुमोदन. एक तर तुमच्याकडे पावसाळा. दुसरं, पोरीचा हात वर्षा-दीड वर्षात वाढणारच आहे, आत्ता चामड्यात पैसे घालू नका. मापाचा सिंथेटिक घ्या, लहान झाला की क्लबमधल्या धाकट्या डावखुऱ्याला द्या. असतोच एखादा.

रबराच्या ठिपक्यांचं विचारलं होतंत. नवे असताना पकड देतात. पण पिस्टल ग्रिपवर अंगठ्याजवळचे ठिपके आधी सोलवटतात आणि मग तिथं गुळगुळीत टक्कल पडतं. त्यापेक्षा खरखरीत सुएडसारखा तळवा जास्त दिवस साथ देतो. हे माझं मत. मूठ_सैल बाई वेगळं सांगतील.

मूठ_सैल | १४ जुलै, दुपारी २:३०

सांगणारच. माझे ठिपके वर्षभर टिकले. पण सेबरची दांडी सरळ असते, घासण्याची जागा वेगळी. शिवाय तुम्ही ग्रिपला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळता हे मला माहितीय, म्हणून ठिपके सोलवटतात.

जुना_फॉइलवाला | १४ जुलै, दुपारी २:३५

हे तुला कोणी सांगितलं?

भरीत_भाकरी | १४ जुलै, दुपारी ४:००

मी अजून वाचतोय. काल रात्री यूट्यूबवर दोन तास तलवारबाजी बघितली. बायको विचारते, तुला काय झालंय.

डावखुरीची_आई | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

मंडळी, अपडेट द्यायचा राहिला.

नट त्याच दिवशी आवळला. ग्रिप सरांनी 'एस' मापाची बसवून दिली, त्यांच्या खोक्यात पडूनच होती! म्हणाले, "आधी नाही का सांगायचं?" आता काय बोलणार. पहिले दोन दिवस तिला विचित्र वाटलं, पातं फार हलतंय म्हणे. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाली, "आई, करंगळीला काम नाहीये आता." मुंग्या बंद. घट्टा आहे, पण सोलवटून कमी होतोय.

हाताचा घेर १७ सेंमी भरला. म्हणजे ७ ला जरासा कमीच. आणि आम्ही ८ वापरत होतो!

ग्लोव्ह ऑनलाइन मागवला, सिंथेटिक, साईझ ७, डावा. आठ दिवसांनी पार्सल आलं. लेबलवर 'डावा', आत उजवा. फोनवर पलीकडचा मुलगा विचारतो, "मॅडम, दोन्हीत काय फरक असतो?" शेवटी डावा पाठवला त्यांनी, पण उजवा परत करायचा कुरिअर खर्च ग्लोव्हच्या निम्मा आहे म्हणून तुम्हीच ठेवा म्हणाले.

डाव्याची नाण्याची परीक्षा घेतली. रुपया पहिल्याच झटक्यात उचलला. मग आठ आण्याचं जुनं नाणं शोधून आणलं तिनं, ते तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी सांगितलं तसं हात दमट करून पुन्हा. मग धाकट्या भावाला ग्लोव्ह घालून शेंगदाणे उचलायला लावले, ते सगळे खाऊन संपले आणि परीक्षा बंद पडली.

काल क्लबमध्ये सरावाची मॅच होती. हरली, १२-१५. तलवार हातातच होती. गाडीत पूर्ण रस्ता बडबडत होती, समोरचीनं कुठला वार कसा काढला ते. मला अर्ध्याहून जास्त कळलं नाही.

जुना ८ नंबरचा डावा क्लबमध्ये नववीतल्या एका मुलाला दिला, त्याला नेमका बसला. आता हा नवाकोरा उजवा, साईझ ७, पडून आहे. नाशिकमध्ये कोणाला हवा असेल तर सांगा, पैसे नकोत.

जुना_फॉइलवाला | २ ऑगस्ट, रात्री १०:४०

१२-१५ म्हणजे चांगलंच झालं की. पंधरा टचपर्यंत हात टिकला, हे बघा.

भरीत_भाकरी | २ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, मी नाशिकरोडलाच असतो. तुमच्या धाग्यामुळे लेकाला खूळ लागलंय, सोमवारपासून जातोय शिकायला. उजवाच आहे. तो ग्लोव्ह राखून ठेवाल का?

डावखुरीची_आई | २ ऑगस्ट, रात्री ११:०८

वा, वा! आधी घेर मोजून सांगा. अंगठा सोडून.

भरीत_भाकरी | २ ऑगस्ट, रात्री ११:२०

झोपेतच मोजला. साडेचौदा सेंमी. नऊ वर्षांचा आहे. पण वाढतं वय आहे, दोन वर्षांत बसेलच की.

डावखुरीची_आई | २ ऑगस्ट, रात्री ११:२१

नाही देणार.